रुईचा डगला

नागपुरात बेसाकडच्या त्या वस्तीत दामिनी पौनीकरला नावानं फारसं कुणी ओळखत नसे. ‘जुने कपडे घालणारी पोरगी’ म्हटलं की पानठेलेवालासुद्धा हात करून घर दाखवायचा. जुने म्हणजे फाटके नव्हेत, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे. भोसल्यांच्या नागपुरात बाया लुगडं कसं नेसत, शिपायाच्या अंगात काय असे, कारकुनाच्या अंगरख्याचे बंद डाव्या बगलेत की उजव्या, हे ती कुठून कुठून शोधून काढी, स्वतः बेती, स्वतः शिवी आणि रविवारी सकाळी तलावाच्या काठी जाऊन ते घालून फोटो काढी. मनीषनगरच्या ज्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती काउंटरवर बसे, तिथल्या पोरी तिला ‘राणीसरकार’ म्हणून हाका मारत. तिला त्याचा राग येत नसे. उलट बरंच वाटे.

तिचा नियम एकच होता. जे तेव्हा नव्हतं ते आता नको. चेन नको, हूक नको, इलास्टिक नको, आणि वेलक्रोचं तर तिच्यापुढे नावही काढायची सोय नव्हती. शाळेच्या संमेलनात सॅटिनचा झगा आणि सोनेरी लेस लावून उभे राहतात ना, त्या भाड्याच्या सरदारांना ती ‘बँडवाले’ म्हणे. तिचे अंगरखे मशीनवर फक्त आतल्या शिवणीपुरते जात. बाहेर दिसणारा प्रत्येक टाका हाताचा. घेराची एखादी पट्टी, म्हणजे कळी, अर्ध्या बोटानं तिरपी बसली तर ती सगळा घेर उसवून पुन्हा लावायची, आणि तोवर तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. हट्टी होती. चांगलं काम करणारी माणसं बहुतेक हट्टी असतात आणि आपण त्याचं कौतुक करतो. मीही करत होतो, त्या एक मेपर्यंत.

कापडाची ओढ तिला कुठून आली हे काही गूढ नव्हतं. तिचा बाप हेमराज जुन्या नागपुरातला कोष्टी. त्याच्या तरुणपणी घरात दोन माग होते आणि गल्लीत शिरलं की सगळ्या दारांतून खटखट ऐकू येई. मग ती खटखट एकेका दारातून बंद होत गेली. माग विकले, घर विकलं, बेसाला दोन खोल्या घेतल्या, आणि हेमराज मिहानमधल्या एका कंपनीच्या फाटकावर निळा शर्ट घालून उभा राहू लागला. येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकायचा आणि गाडीतल्यानं वर बघितलं नाही तरी हात खाली घ्यायचा नाही, ही त्याची नोकरी. बोलायला कमी. मुलीनं पहिल्यांदा कोऱ्या करकरीत कापडाला कात्री लावली तेव्हा तो उठून बाहेर गेला होता. विणकराच्या घरात कापड मागावरून उतरायचं, घडी व्हायची आणि जायचं. ते कापायचं काम दुसऱ्याचं. पण पोरीनं शिवलेला अंगरखा एकदा अंगात घातला, डोक्यावर पगडी आली, आणि शेजारचे लोक दारात येऊन ‘रामराम सरदार’ म्हणाले, तेव्हा गडी विरघळला. उंच, सडपातळ, मिशीला नैसर्गिक पीळ. फोटोसाठी दामिनीला पुरुषाचं काही शिवायचं झालं की बाप हाच मॉडेल. सुट्टीच्या दिवशी तो दाढी करून तयार बसायचा आणि विचारायचा, “आज काय बनवून राहिली मले?”

रुईचा डगला हा त्या दोघांचा मिळून केलेला उद्योग. डगला म्हणजे लढाईत घालायचा जाड कोट: कापडाचे पदर, मध्ये पिंजलेली रुई, आणि वरून बोटाबोटाच्या अंतरानं घातलेल्या टाक्यांच्या ओळी. तलवारीचा वार त्यात अडकून बसे म्हणतात. पुण्याच्या चारुशीलाताई, ज्या जुन्या वस्त्रांचा अभ्यास करतात, त्यांनी एकदा दामिनीच्या फोटोखाली एवढंच लिहिलं होतं, ‘शिवण छान, पण खांदा आजचा आहे.’ दुसरी कुणी असती तर रुसली असती. ही पेटून उठली. त्या बाईंना नाव ठेवायला जागा सापडणार नाही असं काहीतरी करून दाखवायचं, हे तिच्या डोक्यात बसलं. हेमराजनं आपला जुना दोस्त आनंदराव याच्याकडे अजून चालू असलेल्या मागावर, सुट्टीसुट्टीला जाऊन, डगल्याचं कापड स्वतः विणलं. कित्येक वर्षांनी धोटा हातात आला तेव्हा तो घरी येऊन बायकोला म्हणाला, “चंद्रकला, हात इसरले नाही अजून.” सगळा हिवाळा मग आई आणि लेक दिव्याखाली डगल्याच्या ओळी घालत होत्या आणि बाप मधूनमधून येऊन हात फिरवून पाहत होता. त्या घरातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी लिहून ठेवतो.

डगला झाला तेव्हा उन्हाळा लागला होता. आणि उन्हाळ्यातच त्याला घालायची संधी चालून आली. वस्तीतल्या मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव यांनी महाराष्ट्र दिनाला ऐतिहासिक वेशभूषेची मिरवणूक काढायचं ठरवलं. नागपुरात एक मे हा अर्ध्या लोकांचा उत्सव आणि वेगळा विदर्भ मागणाऱ्या अर्ध्यांचा निषेध, त्यात तिसरी बाजू उन्हाची, आणि ती दोघांनाही पुरून उरते. गोपाळरावांनी सगळे कपडे भाड्यानं आणले होते, पण सगळ्यात पुढे एक खराखुरा सरदार हवा होता. शिवाय प्रमुख पाहुण्यांच्या गाडीतून चारुशीलाताई येणार होत्या. हे ऐकल्यावर दामिनीला बाकीचं काही ऐकूच आलं नाही.

चंद्रकलानं मात्र तोंडावर विचारलं, “मे महिन्यात रजई पांघरून कोण फिरते वं? डोकं ठिकाणावर हाय का तुह्यं?”

“तेव्हाचे लोक नव्हते का घालत?” दामिनी म्हणाली. “त्याइले नाही झालं काही.”

तेव्हाच्या लोकांचं आईला काय माहीत असणार? उत्तर दामिनीकडेच होतं. फौजा दसऱ्याला बाहेर पडत आणि उन्हाळ्यात घरी येत, हे तिनं शंभर वेळा वाचलेलं. डगला ही थंडीतल्या स्वारीची वस्तू, हे तिला पाठ होतं. बंद डाव्या बगलेत की उजव्या यावर भांडणाऱ्या मुलीच्या ध्यानात ऋतू तेवढा आला नाही.

मिरवणूक संध्याकाळी निघायची होती, पण माणसं दुपारीच जमली. मैदानालगतच्या शाळेची एक खोली कपडे बदलायला दिली होती. पंखा होता, वीज नव्हती. दामिनीनं बापाला डगला चढवला तेव्हा लक्षात आलं की रुई फुगली आहे. समोरच्या दोन्ही कडा एकमेकींना भेटेनात. बंद बांधले तरी मध्ये फट राहून आतली बंडी दिसत होती. फोटोत ती फट दिसली असती. चारुशीलाताईंना तर दारातूनच दिसली असती.

“बाबा, उभे राहा. हे अंगावरच शिवून टाकते.”

अंगावर कपडा शिवायचा नसतो, असं चंद्रकलाच्या घरचं मानणं. ते माणूस गेल्यावर करायचं काम. अगदीच शिवायचं झालं तर ज्याच्या अंगावर शिवतात त्यानं दातात दोरा धरायचा. हेमराजनं आपण होऊन दोऱ्याचा तुकडा दातात धरला, मान वर केली आणि डोळ्यांनी हसत उभा राहिला. दामिनीनं दुहेरी दोरा मेण लावून घेतला आणि गळ्यापासून कमरेपर्यंत टाका घातला, डगल्याच्या ओळीतच असा मिसळून की बघणाऱ्याला कळू नये. वरून कमरेला शेला बांधला आणि तोही चार ठिकाणी टाचला. आनंदराव दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “हेमराज, आता तुले सोलूनच काढा लागते गा.” तिघंही हसली.

तिघं मैदानात आली तेव्हा सूर्य कलला होता, पण जमीन दिवसभराचं तापलेलं सगळं वर फेकत होती. पाहुण्यांची गाडी यायची होती. लाउडस्पीकरवर ‘काही क्षणातच’ असं कुणीतरी पुन्हा पुन्हा सांगत होतं. ते सॅटिनवाले, ते बँडवाले, त्यांनी काय करावं? पाठीमागचे वेलक्रो फर्रकन उघडले, झगे कमरेपर्यंत खाली केले आणि मांडवात बनियनवर बसून उसाचा रस पीत गप्पा मारू लागले. दामिनीनं त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं. हेमराज मैदानाच्या तोंडाशी उभा होता. डगल्यात त्याला धड बसताही येत नव्हतं.

थोड्या वेळानं तो हळूहळू चालत तिच्याकडे आला. ती तोंडात टाचण्या धरून एका पोराची पगडी नीट करत होती.

“बेटा, सोड ना वं जरा. अंदर भट्टी लागून राहिली.”

दामिनीनं मान वर केली, पण तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली नाही. ती गेली छातीवरच्या शिवणीवर. शिवण सरळ होती. गाडी वर्धा रोडला लागल्याचा निरोप नुकताच आला होता. टाका सोडायचा, पुन्हा घालायचा, तेवढ्यात त्या आल्या तर? तिनं टाचण्या हातात घेतल्या आणि म्हणाली, “एवढं थांबलेच ना बाबा, आता पाहुणे आले की सोडते.”

“बरं,” हेमराज म्हणाला आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

हे बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. पगडीवाला पोरगा मोबाइलमध्ये होता, आनंदराव पाणी आणायला गेला होता, ढोल वाजत होते. तुम्ही, मी, ती आणि तिचा बाप, एवढ्यांनाच ते माहीत आहे.

आनंदराव पाणी घेऊन आला तेव्हा हेमराज त्याला म्हणाला, “माग बंद कर. किती वेळ चालू ठेवून राहिला?” आनंदरावाला वाटलं थट्टा करतो आहे. मग त्यानं हाताला हात लावला. अंग कोरडं होतं, घामाचा थेंब नाही, आणि तव्यासारखं तापलेलं. “माग बंद कर ना गा,” हेमराज पुन्हा म्हणाला आणि उभ्याचा आडवा झाला. त्याच वेळी पाहुण्यांची गाडी फाटकातून आत शिरली आणि फटाक्यांची लड लागली, म्हणून पडल्याचा आवाज कुणाला आला नाही.

आनंदरावानं बंद ओढले, ते तुटून हातात आले. डगला उघडेना. कापड फाडायला गेला, पण ते हेमराजनं विणलेलं कापड होतं, ते काय फाटतं. दामिनी कात्री घेऊन धावत आली, गुडघ्यांवर बसली, आणि तिला टाका सापडेना. इतक्या सफाईनं तिनं तो लपवला होता. ती ओळीवरून बोटं फिरवत होती, इथे, नाही इथे, आणि बापाचे डोळे वर गेले होते. तिच्या दोरे कापायच्या नाजूक कात्रीला ते जाड थर कापवेनात. कुणीतरी वरून बर्फाचं पाणी ओतलं, ते रुईनं पिऊन घेतलं. शेवटी ॲम्ब्युलन्समधल्या माणसानं पट्ट्या कापायच्या मोठ्या कात्रीनं डगला खालून वरपर्यंत चिरला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दवाखान्यात हेमराज किती दिवस बर्फाच्या चादरीत आणि नळ्यांत पडून होता ते त्या घरानं नंतर मोजलं नाही. पहिल्याच दिवशी, बाहेरच्या बाकावर, दामिनीच्या मोबाइलवर चारुशीलाताईंचा निरोप आला. त्यांची गाडी फटाक्यांच्या धुरातून सरळ मांडवाकडे गेली होती, मागे काय झालं याचा त्यांना पत्ता नव्हता. मिरवणूक पुढे निघून गेली होती आणि कुणीतरी त्यांना नुसते फोटो पाठवले होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘डगला अप्रतिम. खांदा आता अगदी बरोबर. एकच सांगते, हा उन्हाळ्यात घातला जात नसे.’ दामिनीनं ते वाचलं, मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली. आई शेजारीच होती.

हेमराज वाचला. डॉक्टर म्हणाले नशीब समजा. नशीब असं की जीभ जड झाली, बोलणं चिखलातून ओढून काढल्यासारखं येऊ लागलं. चालताना तोल जाई. हात इतके थरथरत की चमचा तोंडापर्यंत जाताना रिकामा होई. फाटकावरची नोकरी गेली, आनंदरावाच्या मागाचा तर प्रश्नच नव्हता. आणि त्या दिवसाचं त्याला काहीही आठवत नव्हतं. शाळेतली खोली, टाका, मैदान, सगळं पुसलेलं. “हळूहळू येईलही,” डॉक्टर म्हणाले. “तुकड्यातुकड्यानं येतं. कधी येतच नाही.”

घरात दोष द्यायला फार शोधाशोध करावी लागली नाही. जयवंता आत्या, हेमराजची धाकटी बहीण, उमरेडहून आली ती रडतच आली, आणि आनंदरावाकडून अंगावर शिवल्याचं कळल्यावर तिनं डोक्याला हात लावला. “जित्या माणसाच्या अंगावर शिवलं वं! दातात दोरा धरून काय होते?” डॉक्टरांनी आपल्या भाषेत तेच सांगितलं. घाम बाहेर पडायला वाट नव्हती, डगला वेळेवर निघाला असता तर एवढं झालं नसतं. एरवी आत्या आणि डॉक्टर यांचं एका गोष्टीवर जमायचं नाही. त्या टाक्यावर त्यांचं एकमत झालं, आणि दामिनीला पळायला कुठलीच बाजू उरली नाही.

पण आत्याचा खरा प्रश्न वेगळाच होता. येता-जाता, फोनवर, स्वयंपाकघरात ती तो विचारायची. “मले एवढंच सांग, एकदा तरी इचारलं का तुनं त्याले, बाबा गरम होऊन राहिलं का म्हणून? एकदा तरी?”

दामिनी खाली बघायची. आत्याला वाटे, हिनं विचारलं नाही म्हणून ही गप्प आहे. खरी गोष्ट त्याहून वाईट होती. विचारायची गरजच पडली नव्हती. त्यानं येऊन सांगितलं होतं, सोड म्हणाला होता, आणि हिनं शिवणीकडे बघून त्याला परत पाठवलं होतं. हे ती आत्याला सांगू शकत नव्हती, आईला तर नाहीच. चंद्रकला आता बेसातल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जात होती. ती मुलीला शब्दानं काही बोलली नाही. पण जेवायला वाढताना ताट पुढे सरकवून द्यायची आणि बघायची दुसरीकडे. हिवाळ्यात जिच्या मांडीला मांडी लावून डगल्याच्या ओळी घातल्या ती हीच आई का, असं दामिनीला वाटे. एकदाच, दामिनी मशीनवरचं कापड झटकत होती तेव्हा, आई म्हणाली, “ते झाकून ठेव,” आणि मशीन झाकलं गेलं. त्याच्यावर औषधांच्या बाटल्या आल्या.

त्या पावसाळ्यात दामिनी रोज सकाळी उठून पहिलं काय करी, तर बापाचा चेहरा बघी. आज काही आठवलं का? तिला मनापासून वाटे की त्याला सगळं आठवावं, बोलणं सुटावं, हात थांबावेत, बाप पूर्वीसारखा व्हावा. आणि त्याच मनाच्या तळाशी तिला वाटे की ती एक गोष्ट तेवढी त्याला कधीच आठवू नये. आपल्या बापानं पूर्ण बरं होऊ नये असं वाटणारी मुलगी. ती स्वतःच्याच मनाला भ्यायली, आणि मला तिचं नवल वाटत नाही. तिच्या जागी मीही भ्यालो असतो.

आठवणी येऊ लागल्या, डॉक्टर म्हणाले तशाच, तुकड्यांनी. गणपतीत तो अचानक म्हणाला, “पगडी टोचत होती.” दामिनीच्या हातातली वाटी सांडली. मग बरेच दिवस काही नाही. दसऱ्याच्या सुमारास दाढी करून घेताना तो हसला आणि म्हणाला, “ते बनियनवाले सरदार... रस पिऊन राहिले होते.” चंद्रकलाला आनंद झाला, तिनं शेजारी जाऊन सांगितलं. दामिनी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. रस पिणारे आठवले म्हणजे आता फार थोडं उरलं होतं.

भाऊबीजेला जयवंता आत्या आली. हेमराजला धुतलेला शर्ट घातला, पाटावर बसवलं, मागे भिंतीला टेकवलं. आत्यानं ओवाळायला घेतलं. कुंकू लावताना भावाची मान डगडगत होती, तिनं दुसऱ्या हातानं हनुवटी धरली, आणि तिला राहवेना. ताम्हन खाली ठेवून ती रडू लागली. “कसा होता माह्या भाऊ! फाटकावर उभा राहे तर साहेब वाटे. काय करून ठेवलं वं याचं?” ती दामिनीकडे वळली. “एवढी शिकली सवरली तू. एकदा तरी इचारलं असतं त्याले...”

“इचारलं.”

हेमराजचा आवाज होता. जिभेला जड, पण स्पष्ट. सगळ्या त्याच्याकडे बघू लागल्या. चंद्रकला ओट्यापासून दारात आली.

“इचारलं होतं तिनं,” तो म्हणाला. एकेक शब्द तो उचलून ठेवत होता. “आली होती माह्याजवळ. बाबा, गरम होऊन राहिलं का, सोडू का, म्हणे. मीच म्हणलं... एवढं थांबलोच ना, आता पाहुणे आले की सोड.”

आत्याचं रडणं थांबलं. “तू म्हणला?”

“मी म्हणलं.”

दामिनी ताम्हनाजवळ बसली होती तशीच राहिली. ते शब्द तिचे होते. जसेच्या तसे. त्याला सगळं आठवत होतं, तिनं काय म्हटलं, कसं म्हटलं, सगळं, आणि किती दिवसांपासून आठवत होतं कुणास ठाऊक. विसरलेला माणूस असं बोलत नाही. त्यानं फक्त तिचे शब्द आपल्या तोंडात घेतले होते.

आत्यानं डोळे पुसले, पुन्हा ताम्हन उचललं आणि ओवाळलं. जाताना दामिनीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “मी लय बोलली तुले. मनात ठेवू नोको बापा.” दामिनीनं वाकून नमस्कार केला.

आई आत्याला ऑटोपर्यंत सोडायला गेली तेव्हा दामिनी बापाजवळ जाऊन बसली. “बाबा, तुमी आले होते माह्याजवळ. तुमी म्हणले होते सोड. मी—”

“चूप.”

“मले आईले सांगू द्या. नाही सांगतलं तर मी जगू कशी?”

हेमराजनं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं, आजारपणानंतर त्याच्या डोळ्यांत एवढी धार तिनं पहिल्यांदा बघितली. “डूटी गेली,” तो म्हणाला. “हात गेले. घास तुह्यी आई भरवते. सहा महिने झाले, या घरासाठी काडी उचलली नाही मी. आज एक काम केलं.” दम लागला म्हणून थांबला. “ते तरी माह्यं राहू दे वं.”

दामिनीनं त्याचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला. तो धरूनही थांबेना. बाहेर फाटकाची कडी वाजली तसा त्यानं तो ओढून घेतला.

चंद्रकलानं जेवायला वाढलं. हेमराजला दोन घास भरवले आणि मग, किती महिन्यांनी, ती लेकीच्या समोर ताट घेऊन बसली. तिच्या भातावर तिनं स्वतः तूप घातलं. मग खाली बघत म्हणाली, “मले वाटे तू इचारलंच नसशील. रोज पोळ्या लाटता लाटता मनात येई, हिनं साधं इचारलंही नाही माह्या माणसाले. पाप लागलं मले.” तिनं मान वर केली. डोळे भरले होते. “इचारलं होतं ना तुनं?”

भिंतीला टेकलेला हेमराज दामिनीकडेच बघत होता.

“इचारलं होतं वं आई,” दामिनी म्हणाली आणि भात कालवू लागली.